समतेच्या हिशेबात पुरुषांनी काय सोडले?

महाराष्ट्रातील स्त्री-सुधारणेचा इतिहास शालेय पुस्तकांतून वाचला, तर तो बऱ्याच अंशी पुरुषांच्या नावांचा इतिहास वाटतो. लोकहितवादी, विष्णुशास्त्री पंडित, जोतीराव फुले, न्यायमूर्ती रानडे, आगरकर, महर्षी कर्वे अशी ती मालिका असून ताराबाई शिंदे यांच्यासारख्या लेखिकेला तिच्याजवळ उभे राहायलाही फार वाट पाहावी लागली. 1882 मध्ये पुण्यात छापलेले त्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक विस्मरणात गेले होते आणि स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. या पुरुषांच्या कामाकडे स्त्रियांचा उद्धार म्हणून पाहण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की, ज्या व्यवस्थेतून हा उद्धार करायचा होता तिच्यात पुरुषांचा स्वतःचा लाभ किती होता, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. ताराबाईंनी तो विचारला होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीचा पंचनामा सुरू झाला, तेव्हा बुलढाण्याच्या या बाईंनी ज्या दोषांसाठी स्त्रीला बोल लावला जातो ते सगळे पुरुषांच्या ठायी नाहीत काय, असा उलट जाब विचारला.

पुरुषसत्ता म्हणजे घराची मालकी, कुळाचे नाव, पैशाचा व्यवहार आणि अंतिम निर्णय हे सर्व पुरुषाकडे असावे असे गृहीत धरणारी समाजरचना. या रचनेत प्रत्येक पुरुष दुष्ट असतो असे नाही. पण सज्जन पुरुषालाही तिचे फायदे न मागता मिळत असतात. त्यामुळे समतेच्या कामात पुरुषांचा वाटा मोजायचा झाला, तर त्यांनी स्त्रियांना काय दिले यापेक्षा स्वतःच्या वाट्याचे काय सोडले हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. देण्यात दात्याची जागा शाबूत राहते, आणि मालकी, वेळ, जातभाईंमधील पत किंवा स्वतःच्या शरीराविषयीचा अहंकार सोडताना ती हलते.

या कसोटीवर एकोणिसाव्या शतकातील परिचित माणसेही वेगळी दिसू लागतात. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या रानड्यांनी 1873 मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. पुढे त्यांनी या पत्नीला, म्हणजे रमाबाई रानडे यांना, शिकवले आणि त्या स्वतःच्या कर्तृत्वाने मोठ्या झाल्या. परंतु तत्त्वाची किंमत घरात चुकवण्याची वेळ आली तेव्हा रानडे मागे सरले, हे त्यांच्या चाहत्यांनीही नाकारलेले नाही. वीस वर्षांनी, 1893 मध्ये, विधुर झालेल्या धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड या गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. जोतीरावांनी अपत्य नसतानाही दुसरे लग्न केले नाही. त्या काळी अशा लग्नाला कोणी हरकत घेतली नसती, उलट न करणाऱ्यालाच लोक वेड्यात काढत. सावित्रीबाईंसह त्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्याला आपले नाव दिले. ताराबाईंच्या पुस्तकावर सत्यशोधक मंडळींतूनच टीका झाली, तेव्हा 1885 च्या आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात फुल्यांनी आपल्या सहकाऱ्यांना सुनावून ताराबाईंची बाजू घेतली. विरोधकांवर तुटून पडण्यापेक्षा आपल्याच गोटातील पुरुषांना टोकणे अवघड असते, म्हणून या प्रसंगाचे मोल मोठे आहे.

याच काळातील एक घटना मात्र या नामावळीच्या सावलीत राहिली आहे. केशवपन म्हणजे नवरा वारल्यावर विधवेचे डोके भादरण्याची रूढी, आणि ती पाळली जाण्यासाठी दर काही दिवसांनी घरी येणारा न्हावी लागत असे. धर्मशास्त्राचे वाद पंडितांनी घातले, सुधारकांनी लेख लिहिले. पण वस्तरा ज्याच्या हातात होता त्याला कोणी विचारले नव्हते. फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये मुंबईतील नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार तेथे झाला. येथे सोडले गेले ते रोजच्या कमाईतले पैसे, आणि तेही ज्यांच्याकडे सोडण्यासारखे फारसे काही नव्हते अशा माणसांनी. ही रूढी प्रामुख्याने उच्चवर्णीयांची असल्याने यजमान घरांचा रोष ओढवणार, हे त्यांना ठाऊक असणारच. एखादी अन्याय्य प्रथा कोणाच्या हातून चालते, आणि त्या हातांनी नकार दिला तर काय होते, हे सांगणारे याहून स्वच्छ उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण आहे. तरीही आगरकरांची विरोधकांनी त्यांच्या हयातीतच काढलेली प्रेतयात्रा सर्वांना ठाऊक असते आणि नाभिकांचा हा ठराव क्वचितच कोणाला.

विसाव्या शतकात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी समतेचा प्रश्न शरीरापर्यंत नेला. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. नोकरी आणि हे कार्य यांतून एकाची निवड करण्याची वेळ आली तेव्हा नोकरी सोडली आणि 1927 च्या जुलैपासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले आणि त्यांपैकी 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची वकिली केली. किती मुले व्हावीत आणि कधी, हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीचा आहे, आणि कामसुखावर तिचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, हे कर्व्यांचे म्हणणे त्या वेळच्या सुधारकांनाही झेपले नाही.

ते आजही पुरते झेपलेले नाही, असे शासनाच्याच आकड्यांवरून म्हणावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातील प्रजननक्षम वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. ज्या जोडप्यांत पुरुषाने नसबंदी करून घेतली होती त्यांचे प्रमाण 0.3 टक्के होते. वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो, तर स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे किंवा दुर्बीण आत घालावी लागते. तरीही आरोग्यसेविका घरी आली की 'त्यांचं नको, माझंच करा' असे बाईच म्हणते, कारण नसबंदीने पुरुषाची ताकद जाते आणि कमावत्या माणसाला काही झाले तर घर बसेल, ही समजूत तिच्याही मनात पक्की असते. आणीबाणीचा यात मोठा हात आहे. 1976-77 या एका वर्षात देशभर साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली, त्यांतील कित्येकांवर सक्ती झाली; महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही एवढेच. त्या दहशतीनंतर कोणत्याही सरकारने पुरुषांकडे पुन्हा नेटाने मोर्चा वळवला नाही, आणि कुटुंबनियोजनाचा भार स्त्रियांच्या अंगावर सरकला.

शरीरानंतरचा प्रश्न जमिनीचा, आणि या बाबतीत महाराष्ट्राने एक असा प्रयोग केला आहे की त्याच्याजवळ थोडे थांबले पाहिजे. कांदा, ऊस आणि कापूस यांच्या भावासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर आणणाऱ्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरवले. त्यातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती' हा कार्यक्रम मांडला: ज्या गावातील शंभर किंवा अधिक शेतकरी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून देतील, ते गाव लक्ष्मीमुक्त झाले असे जाहीर करायचे आणि त्या सोहळ्याला जोशींनी स्वतः जायचे. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे अशा गावांपैकी आघाडीचे गाव. जोशींचा युक्तिवाद शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत पटणारा होता. सरकार आपल्या घामाचा दाम देत नाही म्हणून शेतकरी भांडतो, पण त्याच शेतात निंदणी, खुरपणी, वेचणी करून शिवाय चूल सांभाळणाऱ्या घरच्या लक्ष्मीचा दाम त्याने तरी कधी चुकता केला आहे का, असे ते विचारत. कर्जमुक्ती मागणाऱ्यांनी आधी हे घरचे कर्ज फेडावे, असा या युक्तिवादाचा रोख होता.

ही मागणी किती खोल जाते हे कळण्यासाठी सातबाराचा उतारा काय असतो हे पाहावे लागते. गाव नमुना सात या भागात जमीन कोणाची ते लिहिलेले असते आणि नमुना बारा या भागात तीत कोणते पीक उभे आहे ते. बाराच्या रकान्यातले पीक बाईच्या हाताने उभे राहिलेले असते आणि सातच्या रकान्यात तिचे नाव बहुधा नवरा वारल्यावर वारस नोंदीतून येते, तेही दीर-सासऱ्यांनी आडकाठी केली नाही तर. नाव नाही म्हणून गावच्या सोसायटीचे पीककर्ज नाही, गारपिटीची नुकसानभरपाई नाही, विहिरीच्या अनुदानाचा अर्जही तिला स्वतःच्या नावाने करता येत नाही. सरकारदरबारी शेतकरी ठरण्याची पहिली पायरी सातबारा असल्याने, आयुष्य शेतात घालवलेली स्त्री कागदोपत्री शेतकऱ्याची बायको एवढीच उरते.

संघटनेच्या कार्यक्रमानंतर शासनानेही 1992 मध्ये लक्ष्मीमुक्ती याच नावाने परिपत्रक काढले. त्यानुसार पतीने तलाठ्याकडे अर्ज केला की फेरफार नोंदवून, म्हणजे हक्कनोंदीतील बदलाची नोंद करून, पत्नीचे नाव त्याच्या हयातीतच सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लावता येते. जमीन कमाल धारणा कायदा पती-पत्नींना एकच कुटुंब मानत असल्याने यातून सीलिंग चुकवण्याचीही सोय नव्हती, आणि म्हणून ज्यांनी नावे लावली त्यांच्या हेतूबद्दल फार शंका घेण्याचे कारण उरत नाही. प्रयोगाच्या मर्यादा मात्र उघड आहेत. महसुली नोंदीने मालकी सिद्ध होतेच असे नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे; शिवाय अर्ज पतीनेच करायचा असल्याने सारे त्याच्या मर्जीवर राहते, आणि नाव लागलेल्या बाईला बाजार समितीत मालाची पट्टी स्वतःच्या हाती घेता येते का, हे कोणताही उतारा सांगत नाही. चळवळीचा भर ओसरला तसा योजनेचाही ओसरला. आज तिचे नाव काढले तर पुष्कळ शेतकरी प्रश्नार्थक चेहऱ्याने पाहतात.

पत्नीच्या बाबतीत निदान असा प्रयोग झाला. बहिणीच्या बाबतीत कायदा पुढे गेला आणि भाऊ जागचे हलले नाहीत. मुलींना वारसा हक्क देऊ पाहणाऱ्या हिंदू संहिता विधेयकाची वाट अडवली गेली हे आंबेडकरांच्या 1951 च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते, आणि 1956 चा वारसा कायदा झाला तेव्हाही मुलीला सहदायाद, म्हणजे जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा असणारी वारस, मानले गेले नाही. महाराष्ट्राने हा बदल 1994 मध्ये केला, केंद्राने 2005 मध्ये केला, आणि 2005 च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क अबाधित असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. इतके होऊनही वडील वारले की काही दिवसांत बहिणींना गावी बोलावले जाते आणि हक्कसोडपत्रावर सह्या होतात. या दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र असते आणि सही करणाऱ्या बहिणीवर कोणी पिस्तूल रोखलेले नसते. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, एवढी न बोललेली धमकी पुरते. भाऊबीजेला ओवाळणी देणारा आणि हक्कसोडीवर सही घेणारा भाऊ एकच असतो आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. समतेच्या गप्पा मारणाऱ्या शहरी, सुशिक्षित घरांतही हा व्यवहार बिनबोभाट होतो, हे या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोचरे वास्तव आहे.

येथे लिंगभाव ही संज्ञा समजून घेणे उपयोगी पडते. नर किंवा मादी असणे ही शरीराची गोष्ट. त्या शरीरावरून कोणी कसे वागावे, काय कमवावे, कोठे रडावे आणि कोठे रडू नये याचे समाजाने ठरवलेले नियम म्हणजे लिंगभाव. हे नियम मुलग्यांना मुख्यतः इतर मुलगेच शिकवतात. कट्ट्यावर एखादीच्या चालण्यावर शेरा मारला जातो तेव्हा तो ऐकवायचा असतो मित्रांना, आणि जो हसत नाही त्याला 'बायल्या' ठरवून वाटेवर आणले जाते. म्हणून शेरा मारणाऱ्याइतकाच न आवडूनही गप्प राहणारा महत्त्वाचा. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ संमती असा घेतला जातो.

याच गप्प राहणाऱ्यांना गाठण्याचा प्रयत्न मुंबईत तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे. 1991 मध्ये सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने बायका मारण्यासाठी नसतात असे मानणारे पुरुष हवेत, अशा आशयाची छोटी जाहिरात वर्तमानपत्रात दिली आणि तिला दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून 1993 मध्ये 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज', अर्थात 'मावा' ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी हे तिच्या संस्थापकांपैकी एक. 'पुरुष स्पंदन' हा तिचा दिवाळी अंक आणि महाविद्यालयीन मुलांसाठीची शिबिरे ही तिची ओळख आहे. पुण्यातूनही 'पुरुष उवाच' हे नियतकालिक याच दिशेने निघाले. या कामाची रीत उपदेशाची नाही. मुलग्यांना आधी त्यांच्या स्वतःच्या शरीराबद्दल, भीतीबद्दल, वडिलांशी असलेल्या तुटक नात्याबद्दल बोलू दिले जाते, कारण ज्याला स्वतःविषयी बोलण्याची जागा कधी मिळालेली नाही तो दुसऱ्याचे ऐकून घेईल, ही अपेक्षाच फोल असते. अशा कामावर स्त्री चळवळीतून एक रास्त शंका घेतली जाते: पुरुषांच्या दुःखाला जागा देता देता पुन्हा पुरुषच केंद्रस्थानी येणार नाही ना? त्या शंकेचे एक उत्तर जुन्या उदाहरणात सापडते. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणातील निकालाविरुद्ध 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खुले पत्र लिहिणाऱ्या चार कायदेतज्ज्ञांपैकी उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर हे दोघे पुरुष होते. पत्राने वाट मोकळी केली, मग देशभर स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. चळवळ स्त्रियांचीच राहिली.

घरकामाचा हिशेब मात्र कोणत्याही चळवळीला न जुमानणारा दिसतो. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची पाहणी करताना, बिनमोल घरकामावर स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे आणि पुरुष 97 मिनिटे खर्च करतात असे आढळले. 97 मिनिटे म्हणजे फार वाईट नाही असे वाटण्याचा धोका आहे, कारण ही सरासरी फक्त त्यांची आहे ज्यांनी त्या दिवशी काही घरकाम केले. स्त्रियांत असे प्रमाण 81.2 टक्के होते आणि पुरुषांत 26.1 टक्के. काहीही न करणाऱ्यांना हिशेबात धरले तर पुरुषांची सरासरी पंचवीस मिनिटांवर येते आणि स्त्रियांची चार तासांवर. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले; स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, पण ती पुरुषांनी उचलल्याचे दिसत नाही, कारण त्यांचीही नऊ कमी झाली.

असे का होते याचे उत्तर केवळ पुरुषांच्या आळसात शोधणे पुरेसे नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यातही घर बाईचेच असते. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना मुलांच्या देखभालीसाठी 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. ती स्त्री कर्मचाऱ्यांना मिळते. पुरुष कर्मचाऱ्यालाही मिळते, पण त्याची पत्नी वारलेली असेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर.